पहिलं प्रतल की दुसरं? शिकारी रायफलवरच्या दुर्बिणीचा जुना वाद

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पश्चिम किनाऱ्याच्या दऱ्यांत शिकारीला जाणाऱ्या माणसापुढे एकाच दिवसात दोन अगदी वेगळ्या अडचणी येतात. सकाळी तो ओल्या, दाट झाडीतून चढत असतो. तिथे लाल हरीण दिसलंच तर तीस-चाळीस मीटरवर, दोन खोडांच्या फटीतून आणि क्षणभरच. दुपारपर्यंत झाडी मागे पडते, गवताळ उतार आणि कडे सुरू होतात, आणि घळीच्या पलीकडे साडेतीनशे मीटरवर ताहर चरताना दिसतो. हा ताहर मूळचा आपल्या हिमालयातला. बेडफर्डच्या ड्यूकने भेट दिलेले काही ताहर १९०४ साली तिथे सोडले गेले. त्यांना खाणारा एकही प्राणी त्या डोंगरांत नव्हता. कळप इतके वाढले की संख्या दहा हजारांवर जाऊ द्यायची नाही, असं १९९३ च्या नियंत्रण आराखड्यात ठरवावं लागलं. तिथली शिकार ही डोंगरावरची झाडंझुडपं वाचवण्याच्या कामाचाच एक भाग आहे.

या माणसाच्या रायफलवर दुर्बीण मात्र एकच असते. फटीतल्या हरणावर आणि घळीपलीकडच्या ताहरवर त्याच दुर्बिणीतून, त्याच फुलीने नेम धरायचा असतो. फुली, म्हणजे रेटिकल, दुर्बिणीत नेमकी कुठे बसवलेली आहे यावर त्याला काय दिसेल आणि गोळी कुठे लागेल हे बरंचसं ठरतं. फर्स्ट फोकल प्लेन की सेकंड फोकल प्लेन, एफएफपी की एसएफपी, हा वाद त्यातूनच निघाला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटलेला आहे. पण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले आणि तिथला रीतसर परवाना काढून रानात जाणारे मराठी लोक आहेत. पहिली दुर्बीण घेताना त्यांना दुकानदार हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तरादाखल बहुतेक वेळा जे ऐकवलं जातं ते अर्धवट असतं.

आधी नळीच्या आत काय घडतं ते पाहू. पुढचं मोठं भिंग समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा नळीत तयार करतं. ती जिथे पडते ते पहिलं नाभीय प्रतल. त्याच्या मागे, आतल्या एका बारीक नळीत, प्रतिमा सुलटी करणारी भिंगं असतात. ती सुलटी प्रतिमा डोळ्याजवळच्या भिंगाच्या अलीकडे पुन्हा उमटते, ते दुसरं प्रतल. झूमची रिंग फिरवली की ही मधली भिंगं पुढेमागे सरकतात आणि प्रतिमा लहानमोठी होते. म्हणजे लहानमोठं होण्याचं सगळं काम या दोन प्रतलांच्या मधे चालतं. फुली पहिल्या प्रतलात असेल तर दृश्याबरोबर तीही फुगते आणि आक्रसते. छायाचित्रावर पेनाने रेघ मारून ते मोठं करून छापलं की रेघही मोठी होते, तसंच. फुली दुसऱ्या प्रतलात असेल तर दृश्य तीन पट करा की पंधरा पट, ती डोळ्याला तेवढीच दिसते.

एकाच पटीच्या, झूम नसलेल्या दुर्बिणीत हा प्रश्नच उद्भवत नाही. सहा पटीची जुनी ६x४२ दुर्बीण आजही हट्टाने वापरणारे शिकारी आहेत, त्यात या निश्चिंतीचाही वाटा आहे.

नुसतीच फुली असेल, खुणा नसतील, तर दुसऱ्या प्रतलात काहीच बिघडत नाही. अडचण येते ती फुलीच्या खालच्या दांड्यावर अंतराच्या खुणा असल्या की. या खुणा बहुधा मिलमध्ये असतात. एक मिल म्हणजे शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर. समजा ४-१६x५० ची, दुसऱ्या प्रतलातली दुर्बीण आहे आणि तिच्या खुणा सोळा पटीला खऱ्या आहेत. रायफल शंभर मीटरवर शून्य केलेली आहे, म्हणजे तेवढ्या अंतरावर गोळी फुलीच्या मध्यावरच लागते. चारशे मीटरवरच्या म्यूल डिअरसाठी गोळीची घसरण भरून काढायला अडीच मिलची खूण धरायची, म्हणजे मीटरभर वर नेम घ्यायचा. पण रिंग आठवर असेल तर दृश्य निम्मं झालेलं असतं आणि फुली तेवढीच राहिलेली असते. तीच खूण आता पाच मिल मोजते. गोळी हरणाच्या पाठीवरून मीटरभर वरून निघून जाते.

एवढी मोठी चूक झाली तर जनावर तरी सुटतं. माझ्या मते खरा धोका लहान चुकीत आहे. झुडपातून सरपटताना रिंगला धक्का लागला आणि ती सोळावरून चौदावर आली, तर अडीच मिलची खूण जवळजवळ २.८६ मिल होते आणि चारशे मीटरवर गोळी सुमारे चौदा सेंटिमीटर वर लागते. हरणाच्या मर्मस्थानाचा, म्हणजे काळीज-फुप्फुसाच्या भागाचा व्यास साधारण वीस ते पंचवीस सेंटिमीटर असतो. मध्यावर नेम धरलेली गोळी त्या वर्तुळाबाहेर, पाठीकडच्या मांसात किंवा कण्याजवळ जाते. जनावर जखमी होऊन पळतं आणि पुढे रात्रभर रक्ताचा माग काढावा लागतो, तोही लागला तर. दुसऱ्या प्रतलावर टीका करणारे नेहमी आठ आणि सोळाचं उदाहरण देतात. चौदा आणि सोळाचं द्यायला हवं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो अनुभवी लोकांतही आढळतो. वरच्या टरेटचे, म्हणजे नेम वरखाली सरकवणाऱ्या फिरत्या गुंडीचे, क्लिक झूमवर अवलंबून नसतात. टरेटने अडीच मिल चढवले की गोळीचा मार्ग अडीच मिलच सरकतो, रिंग कुठेही असो आणि फुली कुठल्याही प्रतलात असो. अंतर मोजून, टरेट फिरवून, फुलीच्या मध्यानेच नेम धरणाऱ्याला घसरणीपुरता हा वाद लागू नाही. त्याला तो लागू होतो फक्त वाऱ्यापुरता, कारण वारा दर मिनिटाला बदलतो आणि त्यासाठी टरेट फिरवत बसायला वेळ नसतो. आडव्या दांड्यावरच्या खुणांनीच भागवावं लागतं.

आता पहिल्या प्रतलाची दुखरी बाजू. दुकानात सांगतात की पहिल्या प्रतलातली फुली जास्त पटीला जाड होऊन सावज झाकते. आजच्या दुर्बिणींत ही तक्रार फारशी खरी नाही. बऱ्याच रेटिकलांच्या मधल्या रेघा ०.०५ मिलच्या आसपास असतात. तीनशे मीटरवर अशी रेघ दीड सेंटिमीटर झाकते. वीस सेंटिमीटरच्या मर्मस्थानावर दीड सेंटिमीटरने काय अडणार? अडतं ते दुसऱ्या टोकाला. तीच रेघ तीन पटीला डोळ्याला ०.१५ मिल, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या निम्मी दिसते. माणसाचा चांगला डोळा भरपूर उजेडात ज्या बारकाव्यापर्यंत पोचतो तो साधारण अंशाचा साठावा भाग. उजळ आकाशापुढे काळी रेघ त्याहून बारीक असली तरी जाणवते. पण संध्याकाळच्या झाडीत, काळपट खोडांपुढे, तपकिरी हरणाच्या अंगावर तीच रेघ पार हरवून जाते. खांद्याला रायफल लागलेली असते, हरीण समोर असतं, आणि दुर्बिणीत नेम धरायला काही नसतं.

हरणं, डुकरं बाहेर पडतात त्या तिन्हीसांजेलाच. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास गोळी झाडायला परवानगी असते, आणि अनुभवी शिकारी कडेच्या त्या अर्ध्या अर्ध्या तासासाठीच दिवसभर बसून असतो. तेव्हा दुर्बिणीतून डोळ्यात येणारी प्रकाशाची तबकडी केवढी, याला फार महत्त्व येतं. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, हे तिचं गणित. ५० मिलिमीटरची दुर्बीण सोळा पटीला फक्त ३.१ मिलिमीटरची तबकडी देते, आठ पटीला सव्वासहाची. अंधारात माणसाची बाहुली तरुणपणी सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वयानुसार कमी. म्हणून उजेड ओसरला की शहाणा शिकारी रिंग मागे फिरवतो. तसं केलं की दुसऱ्या प्रतलातल्या खुणा खोट्या पडतात आणि पहिल्या प्रतलातल्या रेघा विरळ होतात. दोन्ही बाजूंचे प्रशंसक भर दुपारी, सपाट मैदानावर, पांढऱ्या कागदावर दुर्बिणी तपासतात, आणि नेमकी हीच घडी त्यांच्या तपासणीतून सुटते.

मध्य युरोपात या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी दिलं गेलं होतं, आणि ते पहिल्या प्रतलाच्या बाजूने होतं. जर्मनी-ऑस्ट्रियात रानडुकराची शिकार रात्री मचाणावर बसून करतात. जर्मन कायदा खुरवाल्या इतर जनावरांवर रात्री गोळी झाडू देत नाही, पण रानडुकराला त्यातून वगळलेलं आहे. ८x५६ ही तिथली नावाजलेली मचाणावरची दुर्बीण, सात मिलिमीटरची पूर्ण तबकडी देणारी. झूमच्या दुर्बिणी आल्या तेव्हाही तिथल्या कारागिरांनी रेटिकल पहिल्या प्रतलातच ठेवलं आणि तीन बाजूंनी जाड दांडे असलेली, चार क्रमांकाची म्हणून ओळखली जाणारी फुली वापरली. चांदण्यात पट वाढवली की दांडे आणखी जाड व्हायचे, आणि रात्री तेच हवं असायचं. हाक्याच्या शिकारीत, दीड पटीवर धावत्या डुकरामागे रायफल फिरवताना, मधली बारीक फुली नाही दिसली तरी तीन जाड दांड्यांच्या मधली मोकळी जागा नजरेला पुरायची. यात कारागिरीचाही भाग होता. जुन्या झूममध्ये आतली भिंगं सरकताना किंचित हलत, आणि फुली दुसऱ्या प्रतलात असेल तर पट बदलताच गोळी लागण्याची जागा बदले. पहिल्या प्रतलात फुली आणि दृश्य एकत्रच हलतात, त्यामुळे ही चूक उद्भवतच नाही.

अमेरिकेचा ओढा उलटा होता. तिथे १९५० आणि ६० च्या दशकांत झूमच्या दुर्बिणी घराघरात पोचल्या. एकाच रायफलने शरद ऋतूत पांढऱ्या शेपटीचं हरीण आणि उन्हाळ्यात शेताची नासाडी करणारे प्रेअरी डॉगसारखे छोटे प्राणी मारायचे असत. छोट्या प्राण्यावर नऊ पटीला बारीक फुली हवी, म्हणून दुसरं प्रतल. ल्युपोल्ड कंपनीने १९६२ मध्ये ड्यूप्लेक्स रेटिकल आणलं. बाहेरून जाड, मध्याकडे बारीक. दुसऱ्या प्रतलात ते प्रत्येक पटीला सारखंच दिसतं, आणि जाड बाहू नजरेला आपोआप मध्यावर नेतात. आज जगातली बहुतांश शिकारी रेटिकलं याच नमुन्यावर बेतलेली आहेत आणि त्यात नवल नाही. .३०८ विंचेस्टर रायफल दोनशे यार्डांवर शून्य केली तर तीनशे यार्डांवर गोळी साधारण वीस सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे दोनशे यार्डांच्या आत, आणि थोडं पुढेही, हरणाच्या छातीवर सरळ नेम धरला तरी चालतं. पूर्वेकडच्या जंगलांतली बहुतेक हरणं याच अंतरात पडतात. तिथे खुणांची गरजच काय?

दुसऱ्या प्रतलाचा हुशारीने उपयोग करून घेणारेही निघाले. रेडफील्डची अॅक्यू-रेंज दुर्बीण घ्या. तिच्यात दोन आडव्या रेघा होत्या. हरणाची पाठ ते पोट अठरा इंच धरायचं, रिंग फिरवून हरीण बरोबर त्या दोन रेघांत बसवायचं आणि आतल्या पट्टीवर अंतर वाचायचं. रेघा स्थिर राहतात आणि दृश्य वाढतं, म्हणूनच हे शक्य होतं. व्हिएतनाममध्ये अमेरिकन मरीन सैनिकांच्या एम-४० रायफलींवर हीच ३-९ पटीची दुर्बीण होती. पुढे त्साइसच्या रॅपिड-झेड आणि निकॉनच्या बीडीसी रेटिकलांनी तोच गुणधर्म वेगळ्या कामी लावला: आपल्या काडतुसाच्या घसरणीशी खुणा जुळतील अशी पट हिशेबाने शोधायची आणि रिंग तिथे ठेवायची. कल्पना उत्तम आहे, पण रिंग तिथेच राहील याची शिस्त ज्याच्या त्याच्यावर सोडलेली आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत दोन्ही खंडांची अदलाबदल झाली. युरोपीय शिकारी दुर्बिणी दुसऱ्या प्रतलाकडे वळल्या. झूमची व्याप्ती हे त्यामागचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ३-९ मध्ये पहिल्या प्रतलातली रेघ तिपटीने बदलते, तेवढं डोळा सांभाळून घेतो. स्वारोव्स्कीच्या झेड८आय मालिकेसारख्या आठपट व्याप्तीच्या दुर्बिणीत ती आठपटीने बदलेल. एका टोकाला अदृश्य किंवा दुसऱ्या टोकाला ओंडका. शिवाय मध्यभागी दिवसाही दिसेल असा प्रखर लाल ठिपका पेटवणं दुसऱ्या प्रतलात सोपं जातं, आणि ठिपका मिळाल्यावर जाड दांड्यांची गरज कमी होते. कारागिरी इतकी सुधारली की पट बदलताना गोळी सरकण्याचा जुना दोष शिकारीच्या अंतरावर जाणवेनासा झाला.

अमेरिकेत उलट दिशेने वारं आलं, ते सैन्यातून. मरीन दलाने श्मिट अँड बेंडरची ३-१२x५० पीएम-दोन ही पहिल्या प्रतलातली दुर्बीण घेतली, आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धांतही तेच प्रतल रूढ झालं. स्पर्धेत एकाच मिनिटात वेगवेगळ्या अंतरांवर, वेगवेगळ्या पटीला नेम धरायचा असतो, तिथे पहिल्या प्रतलाला तोड नाही. ६.५ क्रीडमूरसारखी काडतुसं आली आणि सहाशे-सातशे मीटरवरून हरीण पाडण्याच्या चित्रफिती फिरू लागल्या. शिकाऱ्याच्या पिशवीत लेझर अंतरमापक आला. लायकाच्या जिओविड या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीत तो १९९२ मध्येच बसवला गेला होता. गंमत अशी की लेझरमुळे पहिल्या प्रतलाचा एक जुना फायदा, म्हणजे कुठल्याही पटीला मिलने अंतर मोजता येणं, शिकाऱ्यासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरला, तरी प्रतलाची मागणी वाढतच गेली. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये सुरू केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने अतिदूरच्या गोळीबारावर आक्षेप घेतलेला आहे. सावजाला निसटण्याची संधी उरली पाहिजे हे त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. वाऱ्याचा अंदाज चारशे मीटरवरच भल्याभल्यांचा चुकतो, आणि रेटिकल कुठल्या प्रतलात आहे याने वारा ओळखता येत नाही.

वजन आणि किंमत यांबद्दल थोडक्यात. पहिलं प्रतल मुळात जड नसतं, पण त्या दुर्बिणी बहुधा सैनिकी घडणीच्या असतात. नाइटफोर्सची ४-१६x४२ एटॅकर साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरते, ल्युपोल्डची ३.५-१० पटीची साधी दुर्बीण पावणेचारशेच्या. ताहरमागे हजार मीटर चढणाऱ्याला हा फरक खांद्यात कळतो. पुढे मोठं होऊन दिसायचं म्हणून पहिल्या प्रतलातलं रेटिकल काचेवर फार बारीक कोरावं लागतं, त्याचेही पैसे पडतात.

मग घ्यावं काय? माझं मत स्पष्ट आहे. झाडीतली, मचाणावरची, अडीचशे मीटरच्या आतली शिकार करणाऱ्याने दुसरं प्रतल घ्यावं, साधी ड्यूप्लेक्स किंवा चार क्रमांकाची फुली आणि मध्ये ठिपका. दूरची गोळी क्वचितच झाडायची असेल तर त्याच दुर्बिणीवर भरवशाचं टरेट असू द्यावं. खुणांवरूनच घसरण आणि वारा धरायची सवय असेल, आणि खुल्या डोंगरात मधल्या पटींवर गोळी झाडावी लागत असेल, तर पहिलं प्रतल. मात्र त्याची व्याप्ती कमी असावी. एसडब्ल्यूएफएची ३-९x४२ ही पहिल्या प्रतलातली साधी दुर्बीण शिकाऱ्यांत इतकी प्रिय झाली ती तिपटीच्या व्याप्तीमुळेच. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे दुसऱ्या प्रतलात दाट खुणांचं झाड. ते दुकानात फार आकर्षक दिसतं, रानात चुकवतं, आणि नवखे शिकारी नेमकं तेच उचलतात. न्यूझीलंडच्या त्या माणसाला मी दुसरं प्रतल आणि टरेट सुचवीन: झाडीत हरणाला वेळ नसतो, घळीपलीकडच्या ताहरला बहुधा असतो. टरेट फिरवण्यापुरती सवड लांबच्या गोळीलाच मिळते.

दोन्ही प्रतलं एकत्र आणण्याचे प्रयत्नही झालेत. श्मिट अँड बेंडरच्या १-८ पटीच्या शॉर्टडॉट ड्युअल सीसीमध्ये खुणा पहिल्या प्रतलात आणि पेटणारा ठिपका दुसऱ्यात आहे. तत्त्वतः हेच योग्य उत्तर. सध्या ते महाग आणि जड आहे, आणि सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात यायला वेळ लागेल.

पहिल्या प्रतलातली दुर्बीण विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारून ती संध्याकाळी बाहेर न्यावी, सर्वांत कमी पटीला ठेवावी आणि झाडाच्या सावलीतल्या खोडावर रोखावी. फुली दिसली नाही तर दुसरी दुर्बीण पाहावी, तिची कीर्ती कितीही असो. दुसऱ्या प्रतलातल्या खुणांवर ज्याची भिस्त आहे त्याने मोठ्या कागदावर बरोबर दहा दहा सेंटिमीटरवर जाड रेघा ओढाव्यात, तो पट्टीने मोजून शंभर मीटरवर टांगावा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवावी आणि फुलीचा मध्य एका रेघेवर ठेवून एक मिलची खूण शेजारच्या रेघेवर तंतोतंत बसेपर्यंत रिंग हळूहळू फिरवावी. ती जागा रिंगवरच्या छापील आकड्याशी जुळेलच असं नाही. जिथे जुळेल तिथे रिंगवर आणि नळीवर पांढऱ्या रंगाची एक समोरासमोर रेघ काढावी, आणि खुणेने नेम धरायच्या आधी दर वेळी अंगठ्याने चाचपून ती रेघ जुळलेली आहे ना हे पाहावं.